बुळकांडी, पुणं आणि शेळी

‘बुळकांडी’ हा शब्द घरातल्या एखाद्या आजींना विचारून बघा. चाकण, खेड, मावळात जिथं आज कारखाने आहेत, तिथं पूर्वी बैलजोडीवर शेती चालायची. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. जनावराला ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि थोड्याच दिवसांत ते आडवं. जोडीतला एक गेला की दुसरा असून नसल्यासारखा, पेरणी अडलीच. गोठा बघणारी बाईच, त्यामुळं गुरानं चारा सोडलाय हे पहिलं तिलाच कळायचं.

या रोगाचा अभ्यास करण्यासाठी सरकारनं 1889 साली देशातली पहिली प्रयोगशाळा काढली, ती आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी. तिथून इंजिनिअर झालेली मुलं आपल्या पट्ट्यात पुष्कळ भेटतील, पण ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिथले पहिले प्रमुख. पण भरवस्तीत असला संसर्गजन्य रोग हाताळणं धोक्याचं, म्हणून 1893 मध्ये प्रयोगशाळा थेट हिमालयात, कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, पुण्याच्या हातून गेली तरी!

खरी गंमत पुढं आहे. 1920 च्या दशकात तिथं जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुन्हापुन्हा नेला. शेळ्यांत रुळता रुळता तो गुरांसाठी सौम्य झाला. त्याचीच लस झाली. लाखो बैल-गायींना संरक्षण मिळालं ते असं, शेळीच्या जिवावर. 1954 पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, पुढं आणखी सुधारलेल्या लशी आल्या, आणि 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. तिचा विषाणू गोवराचा जवळचा नातेवाईक, हेही ऐकून ठेवा.

मुक्तेश्वरची ती प्रयोगशाळा म्हणजे आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. मुख्यालय बरेलीजवळ इज्जतनगरला, आणि तिथं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. बारावीनंतर साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी, मग दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी., पुढं पीएच.डी. सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, विकृतिशास्त्र असे विषय. अशी वाट मुलीनं धरायची म्हटली की घरात विचारतात, “गुरांची डॉक्टर? आणि वर आणखी शिकायचं?”

2022 मध्ये लम्पी आला तेव्हा याचं उत्तर मिळालं असतं. राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले. शनिवारी गजबजणाऱ्या चाकणच्या बाजारावर ज्यांचं पोट, त्यांना ते दिवस आठवत असतील. तेव्हा गुरांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. पुन्हा शेळीच! लम्पीची स्वतंत्र लस हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी तयार केली, आणि ती पुण्यात औंधच्या सरकारी लस-संस्थेत बनवण्याचा करार त्याच वर्षी डिसेंबरात झाला.