अवकाशयानांचे स्वास्थ्य-व्यवस्थापन

अवकाशयानांचे स्वास्थ्य-व्यवस्थापन : यानातील बिघाड वेळीच ओळखणे, त्याचे कारण ठरविणे व यान सुरक्षित राखून कार्य चालू ठेवणे, यांविषयीचे तंत्र. प्रारंभी प्रत्येक घटक निर्दोष बनविणे व महत्त्वाच्या घटकाचा जोडीदार राखीव ठेवणे, यांवर भर असे. तथापि कित्येक मोठे अपघात घटकांच्या परस्परसंबंधांतून उद्‌भवले. त्यामुळे यान, आज्ञावली, प्रक्षेपण-केंद्र व माणसे मिळून एकच प्रणाली होते, हा विचार रूढ होत गेला.

अपोलो–१३ (एप्रिल १९७०) यानाच्या प्राणवायूच्या टाकीतील तापनियंत्रक स्विच २८ व्होल्टसाठी बनविलेले होते; प्रक्षेपण-केंद्रावरील पुरवठा मात्र ६५ व्होल्टचा होता. उड्डाणापूर्वी टाकी रिकामी करताना स्विच चिकटून बसले, तापक चालूच राहिले व तारांचे निरोधक आवरण खराब झाले. तापमान सु. ३०° से.च्या पुढे दाखविण्याची सोयच नसल्याने हे कोणाच्या ध्यानात आले नाही. उड्डाणानंतर सु. ५६ तासांनी टाकीचा स्फोट झाला.

व्हॉयेजर–२ या यानात वेगळाच प्रकार घडला. पृथ्वीवरून आठवडाभर आज्ञा न आल्यास आपला रेडिओ ग्राही बिघडला असे समजून यानाने राखीव ग्राही जोडावा, अशी योजना होती. एप्रिल १९७८ मध्ये नियंत्रकांकडून आज्ञा पाठविण्याचे राहून गेले. यानाने नियमाप्रमाणे चांगला ग्राही सोडून राखीव ग्राही जोडला. पण त्यातील एक धारित्र निकामी असल्याने त्याला बदलत्या कंप्रतेचा मागोवा घेता येईना. यान मूळ ग्राहीकडे परतले, तर तोही थोड्याच वेळात कायमचा बंद पडला. पुन्हा आठवडाभर वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे ग्राहीला मानवेल अशी कंप्रता पृथ्वीवरच हिशेबाने साधून आज्ञा पाठविण्यात येऊ लागल्या. या अधू ग्राहीवरच यानाने युरेनस (१९८६) व नेपच्यून (१९८९) यांचे वेध घेतले.

राखीव घटकांवरील भिस्त किती फसवी असू शकते, हे एरियान–५ अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात (कूरू, फ्रेंच गियाना, ४ जून १९९६) दिसले. त्याच्या मार्गनिर्देशकातील आज्ञावलीचा एक भाग एरियान–४ वरून तसाच उचललेला होता. नव्या अग्निबाणाचा आडव्या दिशेतील वेग अधिक असल्याने एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. राखीव मार्गनिर्देशक आधी व मुख्य त्यापाठोपाठ बंद पडला, कारण दोहोंची आज्ञावली एकच होती. मुख्य मार्गनिर्देशकाने पाठविलेला बिघाडाचा संदेश संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला, नळकांडी एकदम वळविली व चाळीस सेकंदांच्या आत अग्निबाण चार उपग्रहांसह नष्ट झाला. ज्या गणनेमुळे हे घडले, ती उड्डाणानंतर निरुपयोगीच होती.

यानाने स्वतःचे निदान स्वतःच करावे, असा प्रयोग नासाने मे १९९९ मध्ये डीप स्पेस–१ या यानावर केला. यानाच्या सर्व भागांचे प्रतिमान संगणकात साठवून प्रत्यक्ष वर्तन त्याच्याशी ताडून पाहिले जाई. मुद्दाम घातलेले बिघाड या आज्ञावलीने ओळखले. मात्र तत्पूर्वी तिचेच दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून पडले होते. जमिनीवरील चाचण्यांत न आढळलेला हा दोष नियंत्रकांना शोधून काढावा लागला व उरलेला प्रयोग २१ मे रोजी पार पडला.