तीन मास्तर आणि एक आगगाडी



परवा नातवाला जगाचा नकाशा दाखवत होतो. पश्चिम आफ्रिकेवर बोट ठेवून विचारतो, "आजोबा, सेनेगल आणि माली शेजारीशेजारी, मग एकच देश का नाही?" म्हटलं, होता रे बाबा, पण दोनच महिने!

20 जून 1960 रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झालेलं माली संघराज्य म्हणजे आजचे हे दोन देश. पंतप्रधान मोदिबो केइता, संरक्षणमंत्री मामादू दिया आणि संसदेचे अध्यक्ष कवी लेओपोल्ड सेंघोर. गंमत म्हणजे तिघेही एकेकाळचे मास्तर! केइतांना बळकट केंद्र हवं होतं, सेनेगलवाल्यांना सैल संघ. 19 ऑगस्टच्या रात्री केइतांनी दियांचं खातं काढून घेऊन आणीबाणी लावली. 20 तारखेला सेनेगल बाहेर पडला आणि केइतांना आगगाडीत बसवून बामाकोला धाडलं. मग ती दाकार-बामाको लाईनच 1963 पर्यंत बंद राहिली.

एकाच ठिकाणी सत्ता एकवटू नये म्हणून घर मोडलं. आणि पुढे काय झालं? सेंघोर राष्ट्राध्यक्ष, दिया पंतप्रधान. डिसेंबर 1962 मध्ये दोघांचं फाटलं. दियांनी संसदेला पोलिसांचा वेढा घातला. खासदारांनी अध्यक्षांच्या घरी जमून अविश्वास ठराव मंजूर केला. दुसऱ्या दिवशी दियांना अटक, पुढे जन्मठेप. मार्च 1963 च्या सार्वमताने पंतप्रधानपदच रद्द झालं. सगळी सूत्रं सेंघोरांच्या हाती! दिया सुटले ते 1974 साली.

मुख्याध्यापक असताना मीही वेळापत्रकापासून परीक्षेपर्यंत सगळं स्वतःकडे घेतलं होतं. हरकत घेणारा सहकारी माझा जुना मित्र. त्याला मी बैठकीला बोलावणंच बंद केलं. शाळा शिस्तीत चालली, पण माझी चूक सांगणारं कुणी उरलं नाही. मित्र पुढे वारला. दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.

सेंघोरांनी 1970 मध्ये पंतप्रधानपद परत आणलं आणि 1980 च्या अखेरीस आपणहून खुर्ची सोडली. त्याचं कौतुक होतं, रास्तच आहे. पण दियांची तुरुंगातली वर्षं काही परत आली नाहीत.

नातवाला यातलं निम्मंच सांगितलं. उरलेलं तुमच्यासाठी. असो.