मामांचा काटा आणि नऊ पिना

परवा डोंगरकड्याला मामांकडे जाऊन आलो. नांदेडहून निघालं की अर्धापूरपासूनच दोन्ही बाजूंना केळी नाहीतर हळद. मामांच्या वजनकाट्याच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर गेलाय आणि जागी पुस्तकाएवढी, पंखा नसलेली एक पेटी आलीय. मागे पाहिलं तर नऊ पिनांचे चार सिरियल पोर्ट! माझ्या लॅपटॉपला एकही नाही. जुना शाळासोबती भेटल्यासारखं वाटलं.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं, टेलिप्रिंटरसारखी यंत्रं मोडेमला जोडायला. घरात कॉम्प्युटर असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर हा पोर्ट २५ पिनांचा होता, १९८४ च्या एटीवर तो ९ पिनांचा झाला. १९९६ साली यूएसबी आलं आणि पुढे घरांतून त्याची हकालपट्टी झाली. काट्यांवर मात तो टिकला, कारण त्याचं तीन तारांत भागतं: बोलायची एक, ऐकायची एक आणि पाच नंबरच्या पिनेवरची ग्राउंडची. ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज उणे तीनच्या खाली गेला की '१', अधिक तीनच्या वर गेला की '०'. थोडक्यात, दोन्ही यंत्रांचं शून्य एकच हवं.

आमचं घोडं इथेच पेंड खात होतं.

२००६ साल. भारनियमन जोरात. काट्याचा इंडिकेटर एका बोर्डावर, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. दीड महिन्यात तीन सिरियल कार्डं जळाली. इंडिकेटरवर आकडा दिसायचा, पण कॉम्प्युटरपर्यंत पोचायचा नाही. बाहेर केळीच्या गाड्यांची रांग, आत मामा हाताने पावत्या लिहितायत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पावती उलटसुलट करून विचारलं, "मालक, ह्यात पेनाचं वजन बी धरलं का?" मामा काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत.

मी आपला सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो. शेवटी गावातल्या वायरमनने कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला! बोर्डाला दोनच भोकं म्हणून प्लगची जाडी पिन कुणीतरी कापून टाकलेली. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये दोन्ही तारांपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात त्या ह्याच. चालू कॉम्प्युटरला केबल लावली की ते सगळं बिचाऱ्या पोर्टातून वाट काढतं.

मग खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, दोन्ही यंत्रं एका बोर्डावर आणली. त्यानंतर एकही कार्ड गेलं नाही.

नव्या पेटीचा थाट वेगळा. तिला ९ ते ३६ व्होल्ट डीसी काहीही चालतं, मामांनी २४ व्होल्टचा स्वतंत्र सप्लाय दिलाय. पोर्टही आयसोलेटेड, म्हणजे आतल्या आत आकडा प्रकाशाने पलीकडे जातो, तारेला तार जोडलेलीच नाही. तरी मामा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततातच.

यंदा ती बादली मी उचलली आणि सांगून टाकलं, "मामा, ती पिन मीच कापली होती."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "करवतीचं पातं माझंच होतं की."