आपला चित्रपट आंतरराष्ट्रीय महोत्सवात पाठवताना : तरुण दिग्दर्शक आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

आपल्या वस्त्यांमधून आता लघुपट आणि माहितीपट तयार होऊ लागले आहेत. कुणी मोबाइलवर शूट करतो, कुणी भाड्याने कॅमेरा आणतो, वर्गणी मंडळातून निघते. १४ एप्रिलला विहारासमोर पडदा लावून चित्रपट दाखवला जातो, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर टाकला जातो आणि बहुतेक वेळा त्याचा प्रवास तिथेच संपतो. "हा बाहेरच्या महोत्सवात पाठवायचा तर काय करावं लागतं?" असं तरुण आम्हाला वारंवार विचारतात. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

महोत्सवात निवड झाली म्हणजे चळवळ जिंकली असं नाही. पण निवडीमुळे चित्रपटाकडे लक्ष जातं, हे आपण पाहिलेलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०१४ मध्ये व्हेनिसला या चित्रपटाने ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवला. आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षं खपून केलेल्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे रमाबाई नगरचा ११ जुलै १९९७ चा गोळीबार जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत गेला.

पहिला नियम : यूट्यूबवर घाई नको

सर्वांत जास्त चित्रपट इथेच अडकतात. अनेक मोठे महोत्सव 'प्रीमियर'ची अट घालतात. जगात कुठेही आधी दाखवलेला नसेल तर वर्ल्ड प्रीमियर, स्वतःच्या देशाबाहेर प्रथमच दाखवला जात असेल तर इंटरनॅशनल प्रीमियर. त्यानंतर खंडाचा आणि देशाचा प्रीमियर येतो. चित्रपट इंटरनेटवर सर्वांसाठी खुला असेल तर अशा ठिकाणी तो बाद होऊ शकतो. आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे. जयंतीच्या उत्साहात लघुपट ऑनलाइन टाकला आणि दोन महिन्यांनी एका महोत्सवाने त्याच कारणावरून तो परत पाठवला. तेव्हा व्हिडिओ काढून टाकूनही उपयोग झाला नाही.

मोठे चित्रपटही हाच क्रम पाळतात. 'सैराट' फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनला दाखवला गेला, थिएटरात आला २९ एप्रिलला. 'कोर्ट' व्हेनिसनंतर सात महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला.

लघुपटांना मात्र काही ठिकाणी सूट असते. सनडान्स लघुपटांसाठी प्रीमियरची अट घालत नाही. त्यामुळे प्रत्येक महोत्सवाचे नियम स्वतंत्रपणे वाचा. वस्तीला चित्रपट दाखवायचा असेल तर खाजगी प्रदर्शन करा. जाहिरात, तिकीट आणि लाइव्ह टाळा. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर "आमचाच पिक्चर आम्हाला दाखवत नाहीत" अशी नाराजी होते, आणि ती रास्त असते.

महोत्सव कसा निवडावा

आधी लांबी पाहा. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेला कमाल १५ मिनिटांची मर्यादा आहे, बर्लिनच्या लघुपट विभागाला ३० मिनिटांची. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो आणि त्या ४० मिनिटांत श्रेयनामावलीही धरलेली असते. आपला २२ मिनिटांचा चित्रपट कानच्या स्पर्धेला पाठवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

नंतर विषय पाहा. माहितीपटासाठी अ‍ॅमस्टरडॅमचा इडफा आणि जपानमधला दर दोन वर्षांनी होणारा यामागाता हे महत्त्वाचे महोत्सव आहेत. धम्म आणि बौद्ध जीवनावरच्या चित्रपटांसाठी इंटरनॅशनल बुद्धिस्ट फिल्म फेस्टिव्हल आहे. त्याची सुरुवात २००३ मध्ये लॉस एंजेलिसला झाली.

देशातही आंतरराष्ट्रीय दर्जाचे पर्याय आहेत. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी १९९० पासून चालणारा मुंबईचा मिफ, तिरुवनंतपुरमचा आयडीएसएफएफके, पुण्याचा पिफ आणि गोव्याचा इफ्फी. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने मल्याळम सिनेमाच्या पहिल्या नायिका, दलित अभिनेत्री पी. के. रोझी यांच्या नावाने महोत्सव सुरू केला. तिथला प्रेक्षक आपली भाषा लगेच ओळखतो.

फसव्या महोत्सवांपासून सावध राहा. दर महिन्याला शंभर-शंभर पुरस्कार वाटणारे, प्रत्यक्ष थिएटर नसलेले, प्रमाणपत्र आणि ट्रॉफीचे वेगळे पैसे मागणारे 'महोत्सव' इंटरनेटवर भरपूर आहेत. मागच्या वर्षी तिथे कोणते चित्रपट दाखवले, कुठल्या सभागृहात दाखवले आणि परीक्षक कोण होते, या तिन्ही गोष्टी सापडल्या नाहीत तर शुल्क भरू नका.

नोंदणी आणि शुल्क

बहुतेक महोत्सव फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून प्रवेशिका घेतात. मोठ्या महोत्सवांचे स्वतःचे अर्ज असतात. फिल्मफ्रीवेवर खातं उघडणं फुकट आहे, शुल्क प्रत्येक महोत्सवाचं वेगळं असतं. लवकरची, नियमित आणि उशिराची अशा मुदती असतात आणि प्रत्येक टप्प्याला शुल्क वाढतं. ते डॉलर किंवा युरोमध्ये कापलं जातं, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या.

शुल्क माफीसाठी लिहायला संकोच करू नका. मुदतीच्या बरंच आधी, पाच-सहा ओळींत, चित्रपट काय आहे, कोणी केला आणि पैसे का नाहीत हे स्पष्ट लिहा. ती भीक नसते. अनेक आयोजक अशी सवलत देतात आणि न विचारणाऱ्याला ती मिळत नाही. वर्गणीचा पैसा असेल तर आधी पाच-सहा महोत्सवांची यादी मंडळाच्या बैठकीत ठरवा आणि हिशेब लिहून ठेवा.

अर्जात एक-दोन वाक्यांत कथासार लागतं. "जातीयतेवर भाष्य करणारा प्रबोधनपर चित्रपट" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : "वडिलांच्या अंत्ययात्रेचा रस्ता गावाने अडवल्यावर दहावीतली मुलगी त्या रस्त्याची नोंद शोधायला तहसील कार्यालयात जाते." यात माणूस, अडचण आणि कृती दिसते, जात त्यातूनच उघडी पडते. दिग्दर्शकाच्या निवेदनात भाषण नको. हा विषय तुम्हीच का केला, ते साध्या शब्दांत सांगा.

सबटायटल : इथेच चित्रपट समजतो किंवा हरवतो

इंग्रजी सबटायटलशिवाय प्रवेशिका पाहिली जात नाही. यंत्राकडून केलेलं भाषांतर जसंच्या तसं वापरू नका. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येक ओळीत साधारण ४० अक्षरं, आणि वाचायला पुरेसा वेळ, एवढं पाळा.

खरा प्रश्न शब्दांचा आहे. 'जय भीम'चं भाषांतर 'नमस्कार' असं केलं तर आख्खा प्रसंग मरतो. 'जय भीम', 'बाबासाहेब', 'विहार' हे शब्द तसेच ठेवा, प्रसंगातून ते कळतात. 'गावकुसाबाहेर' सारख्या शब्दात गावाची रचना आणि इतिहास दोन्ही आहेत, तिथे अर्थ थोडक्यात उलगडावा लागतो. भाषांतर झाल्यावर मराठी न येणाऱ्या एका माणसाला चित्रपट दाखवा. तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती करा.

हक्क आणि परवानग्या

भीमगीत आपल्या सगळ्यांचं असलं तरी कायद्याने त्याचा हक्क कोणाकडे तरी असतो. भारतात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे वेगळा असतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांवरचा हक्क मात्र २०१६ अखेर संपला आहे. बीबीसीसारख्या संस्थांचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण वापरायचं असेल तर त्यांची परवानगी लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपल्याच गायक पार्टीकडून नवं गाणं करून घ्या आणि त्यांच्याशी लेखी करार करा.

अत्याचाराच्या घटनेवर माहितीपट असेल तर जबाबदारी आणखी वाढते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. चेहरा झाकला तरी गाव, नातेवाईक आणि घर यांवरून ओळख पटते, हे लक्षात ठेवा. बाकी प्रत्येकाची लेखी संमती त्यांच्या भाषेत वाचून दाखवून घ्या आणि हा चित्रपट परदेशातही दाखवला जाईल हे स्पष्ट सांगा. 'रायटिंग विथ फायर' हा 'खबर लहरिया'च्या पत्रकार महिलांवरचा माहितीपट ऑस्कर नामांकनापर्यंत गेला. पण २०२२ मध्ये त्याच संस्थेने निवेदन काढून आपल्या कामाचं त्यातलं चित्रण अचूक नसल्याचं म्हटलं. पाठवण्यापूर्वी चित्रपट त्यातल्या माणसांना दाखवा.

सेन्सॉरचं काय?

परदेशी महोत्सवाला भारतीय सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. भारतातल्या महोत्सवात प्रमाणपत्राशिवाय दाखवायचं असेल तर केंद्र सरकारची सूट लागते आणि ती आयोजक मागतात. ही नेहमीच औपचारिक बाब राहत नाही. २०१७ मध्ये आयडीएसएफएफकेसाठी तीन माहितीपटांना सूट नाकारली गेली. त्यातला एक रोहित वेमुला यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावर होता. २०१९ मध्ये पटवर्धन यांचा 'विवेक' तिथे दाखवण्यासाठी केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयाने परवानगी दिली.

प्रत आणि निकाल

निवडीसाठी पासवर्ड असलेली व्हिमिओ लिंक पुरते. ती निकालापर्यंत चालू ठेवा आणि पासवर्ड बदलू नका. सुरुवातीला तीन मिनिटं आभार आणि फोटो दाखवू नका. परीक्षकांपुढे शेकडो प्रवेशिका असतात. आभार शेवटी घ्या. थिएटरसाठी बहुधा डीसीपी मागतात, पण ते निवड झाल्यावर करा. मूळ फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

बहुतेक प्रवेशिका नाकारल्या जातात आणि कारण सांगितलं जात नाही. पाठवण्यासाठी एक वर्ष ठरवून घ्या. आधी प्रीमियर मागणारे मोठे महोत्सव, मग विषयाचे, मग देशातले. निवड होऊन बोलावणं आलं तर निमंत्रणपत्र लगेच मागवा. पासपोर्ट आधीच काढून ठेवलेला बरा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

वर्ष संपलं की चित्रपट यूट्यूबवर टाका आणि पुढच्या १४ एप्रिलला मोठ्या पडद्यावर वस्तीत दाखवा. तेव्हा वर्गणीचा हिशेबही त्याच लोकांसमोर वाचा. पुढच्या चित्रपटाची वर्गणी तिथूनच निघते.