जंगलाच्या कडेला रात्रीचा मुक्काम

  आजचा विषय आहे तंबू. म्हणजे कॅम्पिंग. पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण अंधेरीहून निघालो आणि ठाण्याच्या बाजूला, जंगलाच्या अगदी कडेला, एका शेतावर तंबू बुक केले. जाहिरातीत सगळं होतं : शेकोटी, बार्बेक्यू, चांदणं. रात्री दहाच्या सुमाराला आमचा स्पीकर जोरात होता. चुलीवर आमच्यासाठी भाकऱ्या भाजणाऱ्या वारली आजी उठून आल्या आणि म्हणाल्या, "आवाज बंद कर रे पोरा. त्याची यायची वेळ झाली."

'तो' कोण, हे विचारायला लागलं नाही. स्पीकर बंद झाला. झोप मात्र कुणालाच आली नाही.

सकाळी मी आजींना विचारलं, आम्ही माणशी एवढे पैसे भरले, त्यातले तुम्हाला किती मिळतात? त्या म्हणाल्या, "भाकरीचे."

हा एक शब्द डोक्यातून जाईना. मग मी वाचायला लागलो : या जंगलात आपल्याआधी कोण कोण मुक्कामाला आलं होतं आणि त्यांची सोय कुणी केली होती?

तर सगळ्यात जुने पाहुणे आपल्या शेजारीच आहेत. कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगरात कोरलेल्या शंभराहून जास्त लेणी. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इथे बौद्ध भिक्षू राहायला लागले. भिक्षूंनी एरवी फिरत राहायचं, पण पावसाळ्यात एका जागी थांबायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. तुम्ही कान्हेरीला गेला असाल तर लेण्यांजवळ पाण्याच्या कोरीव टाक्या बघितल्या असतील. पावसाचं पाणी साठवायची सोय त्यांनी तिथेच केली होती.

पण जेवणखाण, कपडे? तेही शिलालेखांत लिहिलेलं आहे. कल्याण, सोपारा अशा बंदरांच्या गावातल्या लोकांनी दानं दिली. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत दान दिल्याची नोंद आहे, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंची सोय व्हावी म्हणून. मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे. हो, तेच, मेट्रोचं स्टेशन आहे ते! म्हणजे जंगलातला मुक्काम आणि जंगलाबाहेरचं शेत यांचा हिशोब तेव्हाही होता. फक्त तो दगडावर सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला होता.

दुसरे पाहुणे आले इसवी सन 1009 मध्ये. काही पारशी मंडळी कान्हेरीला आली आणि 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. 1021 मध्ये आणखी काही जण आले, त्यांनीही तेच केलं. आज आपण भिंतीवर नाव कोरलं तर दंड होईल, आणि व्हायलाच हवा. त्यांच्या नोंदी मात्र आता इतिहासाचा पुरावा झाल्या आहेत.

आता तिसरा पाहुणा. साहेब. आणि इथे गोष्ट बदलते.

एक गंमत सांगतो. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत आपली अंधेरी ठाणे जिल्ह्यात होती. त्या काळी थंडी पडली की जिल्ह्याचे अधिकारी, जंगल खात्याचे अधिकारी 'फिरती'वर निघायचे. गावाबाहेर आंब्याच्या राईत तंबू पडायचे. टेबल-खुर्च्या, भांडीकुंडी, फायली, सगळं बरोबर. मग हे सामान वाहायचं कुणी? घोड्यांना गवत, चुलीला लाकूड आणायचं कुणी? आसपासची माणसं. मजुरी नावापुरती, नाहीतर तीही नाही. याला वेठ म्हणायचे. वेठबिगार. जमीनदार आणि सावकार तर ती वर्षभर घ्यायचे.

ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची ही अवस्था 1930 च्या दशकाच्या शेवटी खुद्द इंग्रज अधिकारी सिमिंग्टन यांनी आपल्या सरकारी अहवालात मांडली. आणि 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि त्यांनी ठरवलं : यापुढे वेठ करायची नाही. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे त्यांच्याबरोबर उभे होते. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर नक्की वाचा.

म्हणजे बघा, आपल्याकडे जंगलातल्या तंबूचा इतिहास नुसता चांदण्यांचा नाही. तो गवताच्या भाऱ्यांचा आणि फुकटच्या मजुरीचाही आहे. आजींचे 'भाकरीचे' हे उत्तर मला तिथे घेऊन गेलं. आमच्या त्या रात्रीला वेठ म्हणता येणार नाही, आजींना पैसे मिळाले होते. पण जागा त्यांच्या पाड्याशेजारची, जंगल त्यांच्या ओळखीचं, धोका कधी हे त्यांना कळणार, आणि हिशोबात त्या फक्त भाकरीपुरत्या.

आता चौथा. तो पाहुणा नाहीच, घरचाच आहे. बिबट्या.

2018 च्या मोजणीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासच्या भागात 47 बिबटे आढळले. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, आणि तिन्ही बाजूंनी आपण. 2004 च्या जून महिन्यात इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाएक माणसं गेली. त्या वर्षांत पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत होती. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की असं केल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. 2009 मध्ये त्यांच्या पथकाने एका बिबट्याला कॉलर लावून माळशेजला सोडलं. तो 'आजोबा'. तो शेतं, रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत आला. आपण ज्याला 'प्रायव्हेट प्रॉपर्टी' म्हणतो, ती त्याच्यासाठी येण्याजाण्याची वाट आहे.

वारल्यांना हे अभ्यासाआधीच माहीत होतं. आरेच्या पाड्यांवर आजही वाघोबाला पुजतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघोबाला मान द्यायचा, तो आपल्याला सांभाळेल, असा तो व्यवहार. आणि मान द्यायचा म्हणजे त्याची वेळ, त्याची वाट मोकळी ठेवायची हेही आलंच. आजींनी स्पीकर बंद करायला लावला तो त्यामुळेच.

कायदाही फार वेगळं सांगत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही. आग लावणं, कचरा टाकणं, प्राण्यांना छेडणं, सगळ्याला मनाई आहे. आणि 2016 पासून आपल्या उद्यानाभोवती संवेदनशील पट्टाही जाहीर झालेला आहे. तिथल्या हॉटेल-रिसॉर्टवर, आवाजावर, रात्रीच्या वाहतुकीवर नियम आहेत. कुंपणाबाहेर आहे म्हणून काहीही चालतं, असं नाही.

मग कॅम्पिंगला जायचंच नाही का? मी जाणार आहे. पण बुकिंग करताना आता तीन गोष्टी विचारतो. जागेला परवानगी आहे का? रात्री दिवे आणि आवाज किती वाजता बंद होतात? आणि स्वयंपाक करणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसांना माणशी किती मिळतात? उरलेलं मटण-चिकन मात्र बाहेर कधीच टाकू नका. त्यावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

तिसऱ्या प्रश्नावर दोन ठिकाणी फोन ठेवून दिला गेला. तिसऱ्या ठिकाणी मालक जरा थांबले आणि म्हणाले, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग त्यांनी आकडा सांगितला. आम्ही तिथे जानेवारीत जातोय, स्पीकर घरी ठेवून.

तुम्हीही विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.