पुसलं म्हणून सांगितलं

तेराव्या शतकातल्या एका माणसाने स्वतःबद्दल सांगितलेल्या या काही गोष्टी. आपण गुजरातेतल्या भडोचच्या एका प्रधानाचे पुत्र होतो. जुगाराचा नाद होता. एकदा मोठी रक्कम हरलो, बायकोकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. शेवटी वडिलांनी पैसे भरले. पुढे रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घरातून निघालो आणि वाटेतच सगळं सोडलं. आंध्रात घोड्यांच्या व्यापाऱ्यांसोबत राहिलो, तिथे लग्नही केलं. एकदा शिकारी कुत्र्यांच्या तावडीतून पळालेला ससा येऊन मांडीखाली दडला. शिकाऱ्यांनी मागितला, तरी दिला नाही.

आज कुणी एवढं स्टोरीवर टाकलं तर निम्मे लोक म्हणतील, फेकतोय. सांगणारा माणूस म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी. हे सगळं ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या पहिल्या भागात आहे. एकांक म्हणजे ते एकटे हिंडत होते त्या दिवसांचा भाग. तेव्हा सोबत कुणी शिष्य नव्हता, पाहणारा कुणी नव्हता. त्यामुळे या दिवसांबद्दल जे कळतं ते त्यांनीच नंतर कधीतरी, गप्पांच्या ओघात सांगितलं तेवढंच.

मी पुसदचा. पैनगंगेपलीकडचं माहूर आम्हा पुसदकरांना रेणुकेमुळे आणि दत्तशिखरामुळे पाठ असतं. तिथलं देवदेवेश्वराचं मंदिर महानुभावांचं, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. पंथाच्या परंपरेप्रमाणे फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला यात्रेला आले, तेव्हा श्रीदत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या डोक्यावर पंजा ठेवला. पुढे द्वारकेत त्यांनी देह ठेवला आणि त्याच वेळी भडोचला मरण पावलेल्या हरिपाळदेव नावाच्या प्रधानपुत्राच्या देहात प्रवेश केला. चितेपर्यंत पोचलेला हरिपाळ उठून बसला. हाच जुगार खेळणारा हरिपाळ पुढे रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि चक्रधर झाला. म्हणजे वरच्या यादीत ‘मी एकदा मेलो होतो’ हेही घालायला हवं.

पण मला सांगणाऱ्याइतकंच कुतूहल विचारणाऱ्यांचं वाटतं. चक्रधरांच्या भोवती बायका पुष्कळ होत्या. बाइसा, महदाइसा, आउसा. त्यातली महदाइसा तर अखंड प्रश्न विचारणारी. हे असं का, ते तसं का, तुम्ही तेव्हा कुठे होता? आणि स्वामी या चौकसपणावर रागावत नाहीत, उलट कौतुकच करतात. लीळाचरित्रात विचारण्याला शब्द आहे ‘पुसणे’. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांच्या लेखी पुसायची ती फरशी. आमच्या वऱ्हाडीत मात्र ‘त्यानं मले पुसलं’ म्हणजे त्याने मला विचारलं. सातशे वर्षांपूर्वीचा हा अर्थ आमच्या घरात अजून चालू आहे. (गावाच्या नावाशी याचा संबंध जोडायचा मोह मी आवरतो. आमच्याकडे पूस नदी आहे, तिचा हक्क आधी.)

उत्तर देताना चक्रधर ‘मी’ हा शब्द टाळतात. स्वतःकडे निर्देश करताना ते ‘एथ’ म्हणतात, म्हणजे ‘इथे’. ‘मला विचारलं’ ऐवजी ‘इथे विचारलं’. पहिल्यांदा वाचताना हे फार विचित्र वाटलं. जुगारात हरल्याची आणि बायकोने नकार दिल्याची गोष्ट सांगायची, ती ‘मी’शिवाय. स्वतःबद्दल बोलायचं, पण स्वतःला मिरवायचं नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस ‘मी’ न वापरता बोलून बघा.

चक्रधर उत्तरेकडे निघून गेले असं पंथ मानतो. त्यानंतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत जमले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामींच्या आठवणी काढत बसत. विद्वान म्हाइंभटांनी त्या ऐकल्या आणि लिहून काढायचं ठरवलं. साल सुमारे १२७८. भटोबासांनी आपल्याला ठाऊक ते सांगितलं. जे प्रसंग दुसऱ्या कुणी पाहिले-ऐकले होते, त्यांच्यासाठी म्हाइंभट त्या त्या माणसाकडे गेले. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा चौकशीतून उभा राहिला. ते मराठीत का लिहीत होते, त्याचं उत्तरही बायकांपाशीच येतं. केशवबास संस्कृतात लिहू पाहत होते तेव्हा भटोबासांनी त्यांना अडवलं. संस्कृतामुळे स्वामींच्या साध्याभोळ्या शिष्या वंचित होतील, हे त्यांचं कारण.

म्हाइंभटांची मूळ पोथी राहिली नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून पुन्हा रचली. त्यात हिराइसा नावाची बाई, तिची स्मरणशक्ती विलक्षण. आता आठवणी म्हटल्या की फरक येणारच. आपण काय केलं असतं? एक अधिकृत आवृत्ती ठरवून बाकीच्या फेकून दिल्या असत्या. यांनी फरक ठेवले. हा हिराइसा पाठ, हा परशराम पाठ, हा रामेश्वर पाठ, अशा नावांनिशी. गिटमध्ये कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी ‘ब्लेम’ नावाची कमांड असते. आमच्या टीममध्ये ती बहुतेक भांडणासाठी वापरली जाते. इथे ती श्रद्धेपोटी वापरली आहे.

कुठल्या देवळात मुक्काम केला, काय खाल्लं, कुठे बसले, सगळं टिपलेलं. स्थानांसाठी तर ‘स्थानपोथी’ नावाचा वेगळा ग्रंथच झाला. आणि मग पंथाने आपलं हे वाङ्मय लिपीबद्ध करून टाकलं, सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. म्हटलं तर अगदी साधं तंत्र, एका अक्षराच्या जागी दुसरं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगाही फोडेल. तरी पंथाबाहेरच्यांना हे साहित्य शतकानुशतकं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी किल्ली उलगडली. मग नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र भागाभागाने छापलं, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली जाडजूड प्रत राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली.

इतक्या हातांतून गेलेल्या पोथीत जुगाराची गोष्ट शिल्लक राहिली, याचं मला सर्वांत आश्चर्य वाटतं. हे लोक चक्रधरांना महापुरुष मानत नव्हते, साक्षात परमेश्वराचा अवतार मानत होते. देव जुगारात हरतो आणि बाप येऊन फेडतो, हा मजकूर गाळायला प्रत्येक नकलाकाराला संधी होती. पोथी एकदा हरवली तेव्हा तर ‘आठवलं नाही’ म्हणणं किती सोपं होतं. गाळला नाही, कारण स्वामींनी ते स्वतः सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यांना त्यातलं आपल्या सोयीचं तेवढंच ठेवायचा अधिकार वाटला नाही.

दागिने न देणाऱ्या त्या बायकोचं नावही पोथीत आहे, कमळाइसा. तिच्या नकाराने हरिपाळाचं मन संसारातून उडालं असं ही गोष्ट सांगते. ती आपल्यापर्यंत आली ती चक्रधरांच्या तोंडून, महदाइसा-बाइसांच्या कानांतून. भडोचला जाऊन कमळाइसेला कुणी पुसलं नाही.