परवचा : हैदराबाद संस्थानातील घरची शाळा

शाळा सुटल्यावर मुलाने घरी काय शिकावे, हा प्रश्न हल्ली शिकवणीवर्गांच्या निमित्ताने वारंवार निघतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजास तो नवा नाही. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी घरांनी त्याचे एक उत्तर आपल्या ओसरीवर शोधून ठेवले होते. त्या उत्तराचे नाव परवचा.

परवच्याचे स्वरूप वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेच. दिवेलागणीस शुभंकरोती झाली की घरातील मुले ओळीने बसत. शंभरापर्यंतची उजळणी, बे ते तीस पाढे आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात म्हटले जात. वार, तिथी, महिने, नक्षत्रे यांचाही त्यात समावेश असे. पाटी किंवा पुस्तक लागत नसे. लागे ते केवळ म्हणवून घेणारे माणूस. पुष्कळदा ते माणूस म्हणजे आजी असे. तिला अक्षरओळख नसली तरी चुकलेला पाढा ती चटकन पकडी, कारण लहानपणी भावांचा परवचा ऐकता ऐकता तिला तो मुखोद्गत झालेला असे.

ही रीत साऱ्या मराठी मुलखाची होती. परंतु पुण्यासाताऱ्याच्या मुलास शाळा आणि घर दोन्हींकडे मराठीच भेटे. हैदराबादेत तसे नव्हते. संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे ५ जिल्हे मराठी. बाकीचे तेलुगू व कानडी. राज्यकारभाराची भाषा मात्र आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू अशी राहिली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, ह्यात शंका नाही. पण ती देशी भाषा उर्दू होती. तेथवर पोहोचू पाहणाऱ्या मराठी मुलास वरच्या वर्गांतील गणित, इतिहास, शास्त्र हे सारे उर्दूतून शिकावे लागे. शाळेत पहाडे आणि घरी पाढे, असा त्याचा दिनक्रम झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परवच्याने शाळेतील धड्यांची पुनरावृत्ती केली नाही. शाळा जे देत नव्हती, तेच त्याने दिले. मुलाचे मराठी अंक त्यामुळे जिभेवर राहिले; आणि अंकांबरोबर भाषेचा एक फार जुना थरही टिकला. दीड हा शब्द संस्कृत द्व्यर्धापासून, अडीच हा अर्धतृतीयापासून आणि औट हा अर्धचतुर्थापासून प्राकृताच्या वाटेने आला आहे. साडेतीन हातांच्या देहाविषयी बोलताना संतांनी योजलेला औट तो हाच. औटकी घोकलेल्या मुलास तो शब्द पुढे ग्रंथांत भेटला, म्हणजे परका वाटत नसे.

परवच्याचा व्यवहारातील उपयोगही तितकाच खरा होता. रुपयाचे आणे १६ आणि आण्याचे पैसे ४ असल्यामुळे बाजारातील हिशेब पाव, अर्धा आणि पाऊण यांतच चाले. साडेतीन आण्यांच्या ७ नगांचे साडेचोवीस आणे, म्हणजे १ रुपया ८ आणे २ पैसे, हे औटकी येणारा मुलगा कागदावाचून सांगे. हैदराबादेत ह्यावर आणखी एक अडचण होती. संस्थानचे स्वतःचे चलन हाली शिक्का, तर ब्रिटिश हिंदुस्थानचे ते कलदार. १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ६ कलदारांस ७ हाली, असा भाव होता. सोलापूरशी देवघेव करणाऱ्या व्यापाऱ्यास ही बेरीज-वजाबाकी रोजचीच असे.

तथापि परवच्याचा गौरव करताना त्याची मर्यादा झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या घरी म्हणवून घेणारे कोणी होते, त्याच घरी तो होई. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून अंधारात परतणाऱ्या आईबापांच्या मुलांस ना शाळा मिळाली, ना परवचा. घरच्या शिक्षणाचा हा दोष जुना आहे : ज्याच्यापाशी आहे, त्यालाच ते अधिक देते. ही उणीव भरून काढण्याचे काम संस्थांनी केले. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय सुरू झाले. १९१५ साली औरंगाबादेत सरस्वती भुवन निघाले. केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांनी विवेकवर्धिनीसाठी खस्ता खाल्ल्या, त्यामागील मर्म हेच होते. काही घरांच्या ओसरीवर जे चालत होते, ते त्यांना अनेकांच्या मुलांसाठी खुले करावयाचे होते.

पुढे दिवस पालटले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहरातील मराठी माणूस आंध्र प्रदेशात राहिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला. १९५९ साली हाली शिक्काही व्यवहारातून गेला. अवघ्या ३ वर्षांत पावकी-औटकीचा बाजार उठला, असे म्हणावयास हरकत नाही. उपयोग संपला म्हणून पाठांतर सुटले. मात्र त्या पाठांतराबरोबर मराठी अंकांचा कानास होणारा रोजचा सराव सुटत आहे, हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही.

त्याचे प्रत्यंतर २०१९ साली खुद्द महाराष्ट्रात आले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बत्तीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘तीस दोन’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत दिली गेली आणि मोठा वाद माजला. पुस्तकाच्या बाजूचे व विरोधातले पुष्कळ बोलून गेले. परंतु त्र्याहत्तर किंवा एक्याऐंशी हे जोडाक्षरांचे शब्द पूर्वीच्या मुलास अवघड का वाटत नसत, ह्याचा विचार थोड्यांनीच केला. ते त्याने पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी ऐकलेले असत. जे कानाने शिकावयाचे, ते डोळ्यांनी शिकवू पाहिले की अवघड होणारच.

आज हैदराबाद, इंदूर वा बडोदे येथील मराठी मूल बहुधा इंग्रजी शाळेत जाते. आपल्या आजोबांच्या हातचा दूरध्वनी क्रमांक त्यांनी मराठीत सांगितला, तर पुष्कळ मुले गोंधळतात. हा मुलांचा दोष नव्हे. संध्याकाळी आपण त्यांना शिकवणीस धाडतो, आणि तेथे शाळेचाच धडा पुन्हा घोटवला जातो. संस्थानातील घरांनी नेमके उलट केले होते. औटकी परत आणण्याचे कारण नाही. तिचे काम संपले. पण शंभरापर्यंतची उजळणी, बे ते तीस पाढे, महिन्यांची व तिथींची नावे, एवढ्यास रोज पाव तास पुरतो. जेथे घरी म्हणवून घेणारे कोणी नाही, तेथे आपल्या वाचनालयाची किंवा मंडळाची ओसरी संध्याकाळी उघडी ठेवणे, हे अकादमीच्या सभासदांस सहज शक्य आहे. १९०७ सालच्या लोकांनी ह्याहून पुष्कळ अवघड काम केले होते.